शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष आणि मुख्याध्यापक : दोघांचं वर्षभर नीट जमावं म्हणून

जिल्हा परिषदेच्या शाळेत समितीचे अध्यक्ष आणि मुख्याध्यापक यांचं बिनसतं ते बहुतेक वेळा तीन गोष्टींवरून: प्रोसिडिंगवरची (म्हणजे बैठकीच्या इतिवृत्तावरची) सही, अनुदानाचा खर्च आणि पंधरा ऑगस्टचा झेंडा. चौथीतल्या मुलाला वाचता येतं की नाही यावरून दोघांचं वाजलंय, असं क्वचितच ऐकायला मिळतं. वाजायचंच असेल तर खरं यावरून वाजावं. पण तिथवर पोचायला आधीच्या तीन गोष्टी मार्गी लागलेल्या हव्यात, आणि त्या लावणं वाटतं तेवढं अवघड नाही. नवे निवडून आलेले अध्यक्ष आणि शाळेत नव्याने हजर झालेले मुख्याध्यापक, दोघांसाठी हा लेख आहे. एकत्र बसून वाचला तर उत्तम.

इथे जिल्हा परिषद, नगरपालिका आणि महापालिकेच्या शाळा डोळ्यांसमोर ठेवल्या आहेत. खासगी अनुदानित शाळेतही ही समिती असते, पण २०१२ च्या कायदादुरुस्तीनंतर तिथे तिचं काम फक्त सल्ला देण्याचं आहे. मुख्याध्यापकाची नेमणूकही संस्था करते, त्यामुळे तिथली गणितं निराळी.

आधी चौकट, म्हणजे पुढे घोळ नको

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम २१ ने समितीला मुख्य तीन कामं दिली: शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणं, शाळा विकास आराखडा करून त्याची शिफारस करणं, आणि मिळालेल्या अनुदानाचा वापर तपासणं. राज्याच्या जून २०१० च्या शासन निर्णयानुसार समितीत १२ ते १६ सदस्य असतात. त्यातले ७५ टक्के पालक, एकूण सदस्यांत निम्म्या महिला, आणि दुर्बल व उपेक्षित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. उरलेल्यांत स्थानिक संस्थेचा निवडून आलेला एक सदस्य, शिक्षकांचा एक प्रतिनिधी आणि एक स्थानिक शिक्षणप्रेमी. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष पालकांमधूनच. मुख्याध्यापक सदस्य सचिव. मुदत दोन वर्षांची, बैठक महिन्यातून किमान एक.

आता यात काय नाही ते बघा. मुख्याध्यापकाचा पगार, बदली, गोपनीय अहवाल यातलं काहीही अध्यक्षाच्या हातात नाही. आणि अध्यक्षाला खुर्चीवर बसवणं किंवा उठवणं मुख्याध्यापकाच्या हातात नाही, ते पालकांचं आणि त्यांनी निवडलेल्या समितीचं काम. म्हणजे दोघांपैकी कोणीच कोणाचा साहेब नाही. 'मी सांगतो म्हणून करा' हे वाक्य इथे दोन्ही बाजूंनी फुकट जातं. मग काम होतं ते कशाने? वेळेवर दिलेल्या माहितीने आणि लिहून ठेवलेल्या कागदाने. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच दोन गोष्टींवर उभ्या आहेत.

पहिली पायरी : निवडीची सभा खरी घ्या

संबंध बिघडण्याची सुरुवात बऱ्याचदा इथेच होते. मुख्याध्यापकांना 'आपलं ऐकणारा' अध्यक्ष हवा असतो, ग्रामपंचायतीतल्या गटाला 'आपला माणूस' हवा असतो. मग दहा-बारा पालकांत सभा उरकते, यादी आधीच तयार असते आणि इतिवृत्तात 'सर्वानुमते' असं लिहिलं जातं. असा अध्यक्ष पहिल्या दिवसापासून एका गटाचा ठरतो. दुसरा गट दोन वर्षं शाळेच्या मागे लागतो, आणि त्याचा मार बसतो मुख्याध्यापकालाच.

सभेची सूचना लेखी काढा आणि मुलांच्या हाती घरी पाठवा. फळ्यावर लिहा, गावात दवंडी किंवा मंदिराचा भोंगा असेल तर त्यावरूनही सांगा. प्रत्येक इयत्तेतून आणि प्रत्येक वस्तीतून कोणी ना कोणी येईल असं बघा. वाडी, तांडा, पाडा सुटू देऊ नका. सभा कामाच्या वेळेत ठेवली की मजुरीला जाणाऱ्या बाया येत नाहीत, आणि मग 'महिलांचा प्रतिसाद नाही' असा शेरा लिहिला जातो. संध्याकाळी घ्या. मुख्याध्यापकांनी निवडीत एकाही नावाचा आग्रह धरू नये, अगदी चांगल्या नावाचाही.

अध्यक्ष बाई असतील तर एक पथ्य पहिल्या दिवसापासून पाळा: फोन त्यांनाच करायचा. 'ताई, गुरुवारी चार वाजता बैठक आहे, विषय पाठवलेत' हे त्यांच्या नवऱ्याला सांगून मोकळं व्हायचं नाही. बैठकीत पती येऊन बसले तर मुख्याध्यापकांनी नम्रपणे सांगावं, 'दादा, चहा घ्या, पण सदस्यांची बैठक आहे, आपण बाहेर थांबा.' पहिल्या वेळी जड जातं. तिसऱ्या वेळी सांगावं लागत नाही.

दुसरी पायरी : पहिल्या पंधरवड्यात एक तास, दार लावून

निवड झाली की दोघांनी कार्यालयात निवांत बसायचं. हारतुरे झाले, ते वेगळं. मुख्याध्यापकांनी न मागता समोर ठेवायच्या गोष्टी अशा: इयत्तावार पट आणि रोजची हजेरी, यूडायसला (शाळांच्या माहितीच्या सरकारी ऑनलाइन नोंदीला) भरलेली माहिती, समितीच्या खात्याचं पासबुक, कॅशबुक, साहित्याची नोंदवही म्हणजे डेड स्टॉक रजिस्टर, पोषण आहाराच्या तांदळाचा साठा, आणि वर्गवार कोणती मुलं वाचनात मागे आहेत त्याची यादी. शेवटची गोष्ट दाखवायला मुख्याध्यापक कचरतात. दाखवावी. अध्यक्षाला ती दुसऱ्याकडून कळली तर तो लपवाछपवी समजतो. तुमच्याकडून कळली तर उद्या वस्तीवर जाऊन गैरहजर मुलांच्या घरी बोलायला तोच येतो.

अध्यक्षांनीही आपल्याबद्दल सांगावं. वाचायला अडचण येते का, कोणत्या दिवशी बाजार, कोणत्या महिन्यात ऊसतोडीला जाणार. बीड, अहिल्यानगर, जालना या पट्ट्यात दिवाळीनंतर निम्मी समिती कारखान्यावर असते, ती परत येते उन्हाळ्यात. तिथे उपाध्यक्ष गावात राहणारा हवा, हे निवडीच्या वेळीच ठरवा. गावात मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालवायचं असेल तर त्याची मागणी आणि मुलांची यादी लोक गाव सोडण्याआधी तयार लागते. ती नुसती मुख्याध्यापकाच्या सहीने जाण्यात आणि समितीच्या ठरावाने जाण्यात फरक पडतो.

याच बैठकीत एक करार तोंडी करून टाका: एकमेकांना आधी सांगायचं, गावाला नंतर. अध्यक्षाला तक्रार कळली तर ती पारावर किंवा गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाण्याआधी मुख्याध्यापकाच्या कानावर घालायची. शाळेत काही घडलं, मूल पडलं, खिचडीत काही निघालं, तर मुख्याध्यापकाने त्याच दिवशी अध्यक्षाला फोन करायचा.

आणि हो, झेंडा. कोण फडकवणार, स्नेहसंमेलनाला पाहुणा कोण, पत्रिकेवर नावं कोणत्या क्रमाने, हे जुलैच्या बैठकीत ठरवून लिहून ठेवा. चौदा ऑगस्टच्या रात्री सरपंच आणि अध्यक्ष दोघांचे फोन येऊ लागले की मुख्याध्यापकाने कोणाचंही ऐकलं तरी एक जण वर्षभर दुखावलेला राहतो.

तिसरी पायरी : बैठक आणि प्रोसिडिंग

सगळ्यात जास्त विष इथे साठतं, म्हणून जरा थांबून बोलू.

नेहमीची रीत अशी: बैठक होते किंवा होत नाही. महिनाअखेरीस शिपाई किंवा एखादा मुलगा प्रोसिडिंग बुक घेऊन घरोघर फिरतो. 'सरांनी सही मागितलीय.' वर मजकूर लिहायला जागा सोडलेली असते. अध्यक्ष सही करतात, कारण शेतात जायची घाई असते. सहा महिन्यांनी कोणीतरी विचारतं, रंगाच्या कामाला मंजुरी तुम्ही दिली का? अध्यक्ष म्हणतात, मला माहीत नाही. मुख्याध्यापक वही उघडून सही दाखवतात. त्या क्षणी दोघांतला विश्वास संपतो, आणि गंमत म्हणजे कागदावर दोघेही बरोबर असतात.

म्हणून नियम एकच, दोघांनी पाळायचा: कोऱ्या किंवा अर्धवट पानावर सही मागायची नाही आणि करायची नाही. इतिवृत्त बैठकीतच लिहायचं, संपताना मोठ्याने वाचून दाखवायचं, मग सह्या. वाचता न येणाऱ्या सदस्यासाठी तर हे वाचन म्हणजेच बैठक.

सूचना आठवडाभर आधी द्या, विषय चार-पाचच ठेवा. पहिला विषय मागच्या ठरावांचं काय झालं. हा नसेल तर ठराव नुसते साचत जातात. दुसरा विषय मुलांचा: हजेरी, वाचन, गणित. पैशाचा विषय त्यानंतर, कारण तो आधी घेतला की बाकीच्यांना वेळच उरत नाही. दोन विद्यार्थी प्रतिनिधी असतात, त्यांना सुरुवातीलाच बोलू द्या. शौचालयाला आतून कडी नाही ही गोष्ट कोणत्याही अहवालात येत नाही, सातवीतली मुलगी मात्र एका वाक्यात सांगते.

ठराव लिहायची पद्धतही महत्त्वाची. 'शाळेच्या दुरुस्तीबाबत चर्चा झाली व सर्वानुमते मंजुरी देण्यात आली' हा ठराव नाही, ही पळवाट आहे. ठराव असा हवा:

'ठराव क्र. ३ : मुलींच्या शौचालयाच्या दोन दारांना आतून कड्या बसवणे आणि पाण्याच्या टाकीचा नळ बदलणे. खर्च संयुक्त शाळा अनुदानातून, रु. ३,००० च्या मर्यादेत. दरपत्रके मुख्याध्यापक व उपाध्यक्ष यांनी आणावीत. काम पुढील बैठकीपूर्वी पूर्ण करावे. काम झाल्यावर दोन महिला सदस्यांनी पाहून सांगावे. सूचक … अनुमोदक … '

काय, किती, कुठून, कोण, कधी आणि बघणार कोण. एवढं लिहिलं की भांडायला जागाच उरत नाही. एखाद्याचा विरोध असेल तर तोही नावासकट नोंदवा. विरोध नोंदवल्याने मुख्याध्यापक अडचणीत येतो असा एक गैरसमज आहे. उलट लेखापरीक्षणात तोच कागद सांगतो की चर्चा खरोखर झाली.

चौथी पायरी : पैसा, आणि तो यायच्या आधीचे महिने

समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून येणारं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं. पट ३० पर्यंत असेल तर वर्षाला १०,००० रुपये, त्यापुढे १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००, हजारापर्यंत ७५,००० आणि त्याहून मोठ्या शाळेला १ लाख. यातली किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करायची असते. लहान शाळेच्या दहा हजारांत वीजबिल, खडू, नळदुरुस्ती आणि झाडू एवढंच बसतं. तरी गावात बोललं जातं की 'शाळेला लाखोंनी येतं'. हा आकडा अध्यक्षाने स्वतः ग्रामसभेत सांगितला की मुख्याध्यापकावरचा निम्मा संशय तिथेच संपतो.

खरी अडचण रकमेची नाही, वेळेची आहे. पैसा अनेकदा आर्थिक वर्ष संपत आल्यावर खात्यात दिसतो आणि मार्चअखेर खर्च टाकायची घाई होते. मग मुख्याध्यापक एकटेच तालुक्याला जाऊन खरेदी करतात, बिल आणतात आणि अध्यक्षाकडे सहीला पाठवतात. प्रामाणिक माणूसही इथे चोर दिसतो. यावर उपाय म्हणजे कामांची यादी पैशाच्या आधी तयार ठेवणं. वर्षाचं वेळापत्रक असं लावा:

गांधी जयंतीपासून ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्याची मोहीम सुरू होते. त्या ग्रामसभेला अध्यक्ष आणि मुख्याध्यापक दोघांनी जायचं आणि मोठी कामं, म्हणजे संरक्षक भिंत, पाण्याची जोडणी, किचन शेडची दुरुस्ती, तिथे मांडायची. मागणी अध्यक्षांनी मांडावी. मतदार बोलला की सरपंच ऐकतात, सरकारी नोकर बोलला की 'बघू' म्हणतात. डिसेंबरअखेर शाळा विकास आराखडा तयार. तो तीन वर्षांचा असतो, त्यात वर्षावर्षाचे भाग असतात. जानेवारीच्या बैठकीत छोट्या कामांचा अग्रक्रम ठरवून ठराव घ्यायचा: पाच हजार आले तर ही दोन कामं, दहा आले तर ही चार. रक्कम कधीही येवो, चर्चा आधीच झालेली असते.

खात्यावर अध्यक्ष आणि सदस्य सचिव दोघांच्या सह्या. चेक असो की पीएफएमएसवरून (सरकारी निधीच्या ऑनलाइन प्रणालीवरून) काढलेली पेमेंट अ‍ॅडव्हाइस, अध्यक्षांनी सही करण्याआधी तीन कागद एकत्र मागावेत: ठराव, दरपत्रकं, बिल. वस्तू शाळेत आलेली डोळ्यांनी बघावी. हे मागणं अपमान नाही, आणि मुख्याध्यापकांनी न मागता हे तिन्ही टाचून द्यावेत. उलट बाजूही सांगायला हवी: काही अध्यक्ष सही अडवून धरतात, आपल्या ओळखीच्या दुकानातूनच खरेदी व्हावी म्हणून. अशा वेळी मुख्याध्यापकांनी वाद घालू नये. विषय पुढच्या बैठकीत सगळ्या सदस्यांपुढे ठेवावा, दरपत्रकं उघडून. सोळा जणांसमोर महाग दुकानाचा आग्रह धरणं कोणालाच जमत नाही.

लोकवर्गणी घेतली तर पावती द्या आणि देणगीची वस्तू साठ्यात नोंदवा. गावातल्या मंडळाने दिलेला टीव्ही दोन वर्षांनी कोणाच्या तरी घरी सापडू नये.

पाचवी पायरी : शाळेत येणं-जाणं

अध्यक्षांनी शाळेत जरूर यावं, महिन्यातून एकदा तरी बैठक नसताना यावं. आल्यावर आधी कार्यालयात, मग वर्गात. वर्ग चालू असताना मागे बसून ऐकायला हरकत नाही, पण शिक्षकाला मुलांसमोर प्रश्न विचारायचा नाही, वही तपासायची नाही, मोबाइलवर व्हिडिओ काढायचा नाही. शिक्षकाच्या अध्यापनाबद्दल जे बोलायचं ते मुख्याध्यापकाशी, मधल्या सुट्टीनंतर.

मग बघायचं काय? पाणी आहे का, शौचालय उघडं आणि वापरात आहे का, आज किती मुलं आली, पोषण आहार कसा आहे. प्राथमिकच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम धान्य आणि उच्च प्राथमिकच्या मुलाला १५० ग्रॅम असं प्रमाण आहे. आहार वाटण्याआधी चव घेऊन नोंद करायची असते. ती नोंद पालकांनी पाळीपाळीने करावी. एक वाटी खिचडी खाल्लेली आई शाळेबद्दल जे बोलते ते दहा बैठकांनी होत नाही. एखाद्या मुलाला जवळ बसवून त्याच्याच पुस्तकातला एक परिच्छेद वाचून घ्यायलाही काही हरकत नाही, फक्त परीक्षा घेतल्याच्या थाटात नको.

मुख्याध्यापकांनी अशा भेटीचं 'तपासणी' म्हणून टेन्शन घेऊ नये. चहा सांगावा, भेटवहीत नोंद करायला सांगावं, आणि त्या नोंदीवर पुढच्या बैठकीत उत्तर द्यावं.

सहावी पायरी : अवघड बोलणी

समजा, एक शिक्षक रोज उशिरा येतात आणि पालक अध्यक्षांकडे आलेत. अध्यक्षांनी आधी खात्री करावी: रोज म्हणजे किती दिवस, किती वाजता, पाहिलं कोणी. मग एकट्याने मुख्याध्यापकांकडे.

'सर, मागच्या आठवड्यात तीन दिवस तिसरीचा वर्ग साडेअकरापर्यंत रिकामा होता. मी स्वतः पाहिलंय. काय कारण असेल?'

यात आरोप नाही, पण सुटायला जागाही नाही. कदाचित उत्तर मिळेल की त्या शिक्षकांना निवडणुकीच्या कामाला लावलंय. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच अशैक्षणिक कामं कायद्याने शिक्षकांना देता येतात, आणि त्यांचा आदेश मुख्याध्यापक अडवू शकत नाहीत. कदाचित उत्तर मिळेल, 'हो, मीही दोनदा बोललोय.' तेव्हा विचारायचं, लेखी दिलंय का? मुख्याध्यापकांनी लेखी समज द्यावी, पंधरा-वीस दिवस बघावं. फरक नसेल तर समितीच्या ठरावासह केंद्रप्रमुख, मग शिक्षण विस्तार अधिकारी, मग गटशिक्षणाधिकारी. शिस्तभंगाची कारवाई करणं समितीचं काम नाही; पुरावा नीट लावून वर पोचवणं आहे.

तक्रार मुख्याध्यापकांविरुद्धच असेल तर? तरीही आधी त्यांनाच समोर बसून सांगा, शक्यतो उपाध्यक्षांना बरोबर घेऊन. उपयोग झाला नाही तर केंद्रप्रमुखांना लेखी द्या आणि त्याची एक प्रत मुख्याध्यापकांना द्या. कायद्यातल्या कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे तक्रार करता येते आणि तिचा निकाल तीन महिन्यांत लागायला हवा.

शाळेला टाळं ठोकण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: शिक्षक मिळावा म्हणून टाळं ठोकलं की बातमी येते, पण त्या दिवसाचा वर्ग बुडतो तो आपल्याच मुलांचा, आणि पोलिसांना उत्तर देतो तो मुख्याध्यापक, ज्याच्या हातात एकही शिक्षक नेमणं नाही. त्याऐवजी रिक्त पदाची मागणी दोघांच्या सहीने गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या, पोच घ्या, आणि पालकांना घेऊन जिल्हा परिषदेत जा. मुख्याध्यापक उघडपणे येऊ शकणार नाहीत, पण पटाचे आणि मंजूर पदांचे अचूक आकडे त्यांनीच पुरवायचे असतात.

एका बाबतीत मात्र वरची एकही पायरी लागू नाही. मुलाशी लैंगिक गैरवर्तन झाल्याचं कळलं, किंवा तशी दाट शंका आली, तर समितीत चर्चा नाही, समजूत नाही, गावबैठक नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ते पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाबद्दल लपवलं तर शिक्षा जास्त. 'गावाची बदनामी होईल' असं म्हणणारा अध्यक्ष आणि 'शाळेचं नाव जाईल' म्हणणारा मुख्याध्यापक, दोघेही तेव्हा आरोपी होऊ शकतात. मारहाणीवरही कायद्याने बंदी आहे. ती तक्रार त्याच दिवशी लेखी घ्या.

मुख्याध्यापकांची बदली झाली तर

बदलीचा आदेश आला की निरोप समारंभाच्या आधी एक बैठक घ्या. पासबुकातली शिल्लक, कॅशबुक, अपूर्ण ठराव, तांदळाचा साठा आणि डेड स्टॉक हे सगळं अध्यक्षांसमोर मोजून पदभार यादीत लिहा, आणि यादीची एक प्रत अध्यक्षांकडे ठेवा. नवीन मुख्याध्यापक कदाचित दोनशिक्षकी शाळेतले प्रभारी असतील, वर्ग सांभाळून हे सगळं करणारे. त्यांना पहिल्या आठवड्यात ती प्रत अध्यक्षांनी नेऊन दाखवावी आणि दुसऱ्या पायरीतला तो एक तास पुन्हा घ्यावा. बँकेत सहीचा नमुना बदलण्याचा अर्ज त्याच दिवशी द्या. तो राहिला की मार्चमध्ये पैसे खात्यात येतात आणि काढता येत नाहीत.